माइबाऱ्याला संपणारी गाडी

कॉटनपेठ, बेंगळूर
५ फेब्रुवारी १९९६

संयोगिता,

वर नुसतं नाव लिहिलं आहे, त्याचा राग मानू नकोस. सकाळी सवयीने 'चि. सौ.' लिहिलं आणि पेन जागच्या जागी थांबलं. तो कागद फाडला. दुसऱ्या कागदावर रीतीप्रमाणे 'गं. भा.' लिहिलं, विधवा सुनेला लिहितात तसं, तर तुझ्या सासूबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी कागद ओढून घेतला. म्हणाल्या, "माझ्या जिवात जीव आहे तोवर ह्या घरातनं असलं पाकीट जाणार नाही. पोरीचं वय काय, तुम्ही लिहिता काय!" तिसऱ्या कागदावर फक्त नाव लिहिलं. जन्मभर स्टेशनमास्तरकी केली, साहेबापासून हमालापर्यंत कोणाला कसं लिहायचं ते मला ठाऊक आहे. सुनेला काय लिहायचं ते मात्र कळेना.

यशूचं वर्षश्राद्ध झालं. कृष्णाजीभटजी आले होते. सगळं यथासांग झालं, एक गोष्ट सोडून. ती कोणती ते तुला माहीत आहे, पण तरी मी पहिल्यापासून लिहितो. अपघाताच्या चौकशीत आम्ही तसंच लिहायचो, म्हणजे मागाहून कोणाला हवं ते वळण देता येत नाही.

माझा मुलगा यशोवर्धन नोकरीसाठी जपानात कोबे शहरी गेला. तू बरोबर गेलीस, सौम्या तिथेच झाली. गेल्या वर्षी जानेवारीत तिथे भूकंप झाला. तू आणि सौम्या माडीवर निजला होता. यशूला ओकायामाची पहिली गाडी पकडायची होती म्हणून तो खाली चहा करत होता. घर लाकडी, जुनं. माडी खाली बसली. तुम्ही दोघी माडीसकट खाली आलात आणि वाचलात. तो त्या माडीखाली होता.

कोबेच्या स्मशानात जागा उरली नव्हती, म्हणून दहन दुसऱ्या कुठल्याशा गावी झालं. आम्हाला हे सगळं फोनवर कळलं. मी म्हटलं, दोघी निघून या, तिकिटाचं मी बघतो. तू म्हणालीस, "इतक्यात नको, मामंजी." मग ओसाकात खोली झाली, मग त्या गुजराती मोतीवाल्यांच्या कचेरीत नोकरी, मग सौम्याची शाळा, मग पुन्हा कोबे. ह्यातल्या कशालाच मी तोंडाने नाही म्हटलेलं नाही. मनातून म्हटलं, ते तुला पोचलं असेलच.

पण अस्थी अजून तुझ्याकडे आहेत. आपल्या घरातले सगळे श्रीरंगपट्टणजवळ पश्चिमवाहिनीला कावेरीत गेले. माझे वडील गेले, आजोबा गेले, मीही जाईन. दर पत्रात मी विचारतो, कधी आणतेस? आणि तू लिहितेस सौम्याचा दात पडला, तू लिहितेस चेरीला बहर आला. विचारला एक प्रश्न आणि उत्तर भलत्याच गाडीचं, असं आमच्या खात्यात चालत नसे.

यायला जमत नसेल तर सोपा उपाय काढला आहे. शेजारच्या शेषगिरींचा प्राणेश बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात आहे. त्यांचे एक साहेब एप्रिलमध्ये ओसाकाला जाणार आहेत. त्यांना तुझा पत्ता दिला आहे. भला माणूस आहे, सोवळं-ओवळं समजतो. त्यांच्या हाती दे.

तुझ्या सासूबाई म्हणतात, "तिच्याकडं नवऱ्याचं तेवढंच उरलंय, ते ओढून कशाला घेता?" त्या नेहमी तुझीच बाजू घेतात, तुम्हा दोघी बेळगावच्या माहेरवाशिणींचं हे एक संस्थानच आहे. मला कळतं ग. पण मुलाला शेवटच्या वाटेला बापाने लावायचं असतं. मला तेवढं करू दे.

सौम्याला अज्जाचे पापे.

अप्पासाहेब


बेंगळूर
२१ एप्रिल १९९६

संयोगिता,

प्राणेशचे साहेब परत आले. हात रिकामे, आणि तुझं पाकीट. तुझ्या सासूबाई तेव्हा देवळात होत्या, हे त्यांचं नशीब.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू लिहितेस की आशिया नावाच्या स्टेशनापर्यंत तू चालत गेलीस, कारण त्याच्या अलीकडचे रूळ उखडलेले होते. खांद्यावर तापलेली सौम्या, हातात पिशवी, आणि अस्थींचा डबा पांढऱ्या फडक्यात बांधून गळ्यात. कंपनीच्या माणसांचीच घरं पडली होती, बरोबर कोणी नव्हतं. गाडीत एका म्हाताऱ्याने उठून तुला जागा दिली, आणि तुझ्या गळ्यातलं ओझं काढून वरच्या फळीवर ठेवलं. ओसाका आलं, सौम्याला ओकारी झाली, तू तिला घेऊन उतरलीस. दार लागलं. गाडी गेली.

आणि त्या दिवसापासून आजपर्यंत तू कोणालाही विचारलं नाहीस.

श्रीरंगपट्टणला मी स्टेशनमास्तर होतो. पश्चिमवाहिनीला जाणारे लोक अस्थींची मडकी घेऊन माझ्या डोळ्यांसमोरून उतरायचे. लोक गाडीत काय विसरत नाहीत? छत्री विसरतात, जेवणाचा डबा विसरतात. मद्दूरला एकदा एक जण म्हातारी सासू विसरून उतरला होता, ती मी पुढच्या गाडीने परत पाठवली. मडकं विसरलेला माणूस मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिला नाही.

माझ्या मुलाला तू फळीवर ठेवलंस.

भूकंपाने त्याला नेला तेव्हा मी देवाशी भांडलो, मला भांडायला कोणी तरी होतं. आता कोणाशी भांडू? तू वर्षभर मला चेरीचा बहर लिहीत राहिलीस. मी तुझी पत्रं शेजारीपाजारी वाचून दाखवत होतो.

सासूबाईंना हे सांगितलेलं नाही, आणि सांगणार नाही. यापुढे तू पत्र लिहू नकोस. सौम्याने चित्र काढलं तर तिच्या हाताने पत्ता घालून पाठव, ते मी घेईन.

अप्पासाहेब


बेंगळूर
९ जुलै १९९६

संयोगिता,

माझा राग गेला असं समजू नकोस. राग जाग्यावर आहे. पण एक प्रश्न मला जेवू देत नाही, आणि तो सासऱ्याचा नाही, रेल्वेचा आहे.

तू ओसाकाला उतरलीस. गाडी ओसाकाला संपली होती का? तुझ्या पत्रात आहे की दार लागलं आणि गाडी गेली. म्हणजे ती पुढे कुठे तरी गेली. गाडी कायमची जात राहत नाही, संयोगिता. ती कुठे तरी संपते. तिथे सगळी माणसं उतरतात आणि झाडणारा आत चढतो. फळीवर राहिलेलं काय ते त्याला सापडतं. आमच्याकडे सापडलेलं पुढे कुठे जातं हे विचारू नये, पण सापडतं हे नक्की.

प्राणेशला म्हटलं, मला जपानच्या रेल्वेचा नकाशा हवा. त्याने कारखान्यात आलेल्या जपानी इंजिनिअराकडून आणून दिला. तो इतका मोठा निघाला की सोप्यात जमिनीवर अंथरला तर पाय ठेवायला जागा नाही. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "सरी, आता जेवायला कुठं बसायचं? जपानवर?" मी म्हटलं, यशू कुठे कुठे फिरला ते बघतो आहे. त्यांनी पानं स्वयंपाकघरात मांडली.

सगळी गावं त्याच भाषेत लिहिलेली. प्राणेशने मोठी मोठी तेवढी पेन्सिलीने कन्नडात लिहून दिली. हिमेजी, कोबे, ओसाका, क्योतो. मग यशूची जुनी पत्रं काढून शेजारी घेऊन बसलो. तुला माहीत नसेल, तो मला दर पत्रात एक तरी स्टेशन लिहायचा. त्याच्या लहानपणी मी त्याला रोज स्टेशनावर न्यायचो, त्याची ही परतफेड. त्याने लिहिलं होतं, "अण्णा, इथे फलाटावर खुणा आहेत आणि डब्याचं दार बरोबर त्या खुणेवर येऊन थांबतं." मी उत्तर लिहिलं, थापा मारू नकोस. पुढच्या पत्रात त्याने फोटो पाठवला. ड्रायव्हर सिग्नलकडे पांढऱ्या हातमोज्याचं बोट दाखवून, केबिनमध्ये एकटाच असताना, काय दिसलं ते मोठ्याने म्हणतो. गाडी थोडी उशिरा आली तर स्टेशनवाले लोकांची माफी मागतात. मी तशी मागायची ठरवली असती तर मला दुसरं कामच उरलं नसतं!

एका पत्रात त्याचं एक वाक्य आहे. "आपल्याकडे शहर असतं आणि त्याच्या कडेला स्टेशन असतं. इथे स्टेशन आहे म्हणून त्याच्याभोवती शहर आहे. माणसं स्टेशनावर भेटतात, जेवतात, खरेदी करतात, निरोप घेतात. घर फक्त निजायला." तेव्हा मला ते नुसतं गमतीचं वाटलं होतं. आता वाटतं, जिथे सगळं स्टेशनावर होतं त्या देशात हरवलेलंही स्टेशनावरच कोणी तरी सांभाळत असेल.

ओसाकावरून पुढे जाणाऱ्या गाड्यांपैकी कोणती क्योतोला संपते, कोणती त्याच्याही पुढे, एका मोठ्या तळ्याच्या कडेने जाऊन. म्हणून आठव. डब्यावर, फलाटावर, कुठे तरी शेवटच्या गावाचं नाव लिहिलेलं असणार. तुला ती लिपी आता येते. कोणतं गाव होतं?

उत्तर ह्याच प्रश्नाचं पाहिजे.

अप्पासाहेब


बेंगळूर
२ सप्टेंबर १९९६

चि. संयोगितास,

तुझं उत्तर आलं. माइबारा. नकाशावर मला ते सापडायला सकाळ गेली. तळ्याच्या वरच्या अंगाला आहे, गाव लहान दिसतं पण रेघा पुष्कळ येऊन मिळतात. जंक्शन आहे. जंक्शनचे लोक कामाला पक्के असतात.

मी पेन्सिलीने कोबेपासून तिथपर्यंत रेघ ओढली आणि तिथेच माझी चूक झाली. तुझ्या सासूबाईंनी विचारलं, "यशू त्या गावाला कधी गेलता?" मला खोटं सुचेना. सुचलं असतं तरी त्यांनी ओळखलं असतं. मग सगळं सांगितलं, म्हाताऱ्याने डबा फळीवर ठेवण्यापासून मी तुला लिहिलेल्या एप्रिलच्या पत्रापर्यंत.

मला वाटलं त्या कोसळतील. त्या उठल्या, नकाशाच्या कडेने चालत माझ्यापुढे आल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे ती पोर दीड वरीस हे एकटीच घेऊन बसली?"

मी म्हटलं, "जमना, तिने आपला मुलगा हरवला."

"तुमी होता का तिथं?" त्या म्हणाल्या. "मी होते का? नवरा डोळ्यांदेखत गेला, अंगावरच्या कपड्यांनी निघाली, काखेत तापलेलं लेकरू. मी असते तर लेकराला पण विसरून उतरले असते. तुमचं शहाणपण तुमच्या स्टेशनात ठेवा. आणि तुमी तिला काय लिवलात? पत्र नको लिहू? असं लिवलात?" मग कन्नडात मला जे काही म्हणाल्या ते मी इथे लिहीत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात ते शब्द त्यांना येतात हे मला माहीत नव्हतं.

त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, पत्र लिहितो आहे, काही कळवायचं आहे का? म्हणाल्या, "विचारा, पोरगी जेवते का वेळेवर."

तर ते विचारतो. जेवतेस का?

तू लिहिलं आहेस की माइबाऱ्याला तू कधी गेलीच नाहीस, फोनही केला नाहीस. लाज वाटली हे एक. आणि दुसरं तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. "विचारलं नाही तोवर तो गाडीत आहे, कुठे तरी चालला आहे, असं वाटायचं. विचारलं आणि कोणी 'नाही' म्हटलं तर मग तो कुठेच नसता."  चौकशीत असं कारण कोणी दिलं असतं तर मी ते कापून टाकलं असतं. ह्या वेळी कापवत नाही. इथे मीही तेच करतो आहे. मद्रासहून येणारी गाडी, यशू सुट्टीला जिने यायचा ती, सिटी स्टेशनात शिरली की अजून कॉटनपेठेत माझे कान टवकारतात.

पण आता जा. उशीर झाला आहे, म्हणून आणखी उशीर करू नकोस. सौम्याला बरोबर घे. ओसाकाला विचारत बसू नकोस, सरळ शेवटच्या स्टेशनावर जा आणि तिथल्या हरवल्या सामानाच्या खिडकीवर उभी राहा. कोणी कपाळाला आठ्या घातल्या तर सांग, सासरे स्टेशनमास्तर आहेत.

काय सापडेल ते जसंच्या तसं लिही. काही सापडलं नाही तर तसं लिही. मी रागावणार नाही. एप्रिलचं पत्र फाडून टाक.

तुझे मामंजी


बेंगळूर
१४ ऑक्टोबर १९९६

चि. संयोगिता हिस,

तुझं लांब पत्र पितृपक्षात येऊन पोचलं. लगेच उत्तर लिहिलं नाही, लिहिता आलं नाही. आता बसलो आहे, सासूबाई शेजारी बसल्या आहेत, आणि आज मी लिहीन ते त्या वाचूनच पाकिटात जाणार आहे असा हुकूम आहे.

तुझं पत्र आम्ही दोघांनी मिळून वाचलं. रविवारची गाडी, खिडकीशी सौम्या. क्योतोला जुनं स्टेशन पाडून डोंगराएवढं नवं उभं करताहेत, ते बघून ती टाळ्या वाजवत होती. मग तळं लागलं. मग माणसं उतरत गेली, डबा रिकामा होत गेला, आणि शेवटी तुम्ही दोघीच. माइबारा.

खिडकीवर तुझ्या तोंडून शब्द फुटेना. इतकी वर्षं शिकलेली भाषा नेमकी तिथे गेली. आणि आमच्या सहा वर्षांच्या नातीने खिडकीच्या कट्ट्याला धरून टाचा उंच केल्या आणि त्यांच्या भाषेत सांगितलं, "आमचे बाबा गाडीत राहिले होते. आम्ही त्यांना न्यायला आलो आहोत."

इथे सासूबाईंनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि पदराने डोळे पुसून मला परत दिलं. पुढचं मी मोठ्याने वाचलं, जमेल तसं.

त्या कारकुनाने टोपी काढली. त्याला आठवत होतं. पांढऱ्या फडक्यातला डबा सापडला तेव्हा तो छत्र्या आणि पिशव्यांमध्ये ठेवायचा नाही, असं त्यांच्यात आहे. वेगळ्या टेबलावर ठेवला, समोर पाण्याचा पेला. कामावर येणारा प्रत्येक जण आधी त्याला वाकून मग आपल्या जागी बसे. कोणी आलं नाही तेव्हा डबा पोलिसांकडे गेला. मुदत संपली, तरीही कोणी आलं नाही, तेव्हा गावातल्या देवळाच्या भटजींनी मागून नेला. कारकून खिडकी दुसऱ्याच्या स्वाधीन करून तुमच्याबरोबर त्या देवळापर्यंत आला.

आणि देवळात कळलं की ह्या वसंतात त्या भटजींनी सगळ्या बेवारशी अस्थी एका दगडाखाली एकत्र ठेवल्या. डबे उघडून, मातीत, एकमेकांत. आता कोण कुठला हे वेगळं करता येत नाही. म्हातारे भटजी सौम्यासमोर जमिनीला डोकं टेकून म्हणाले, "तुझ्या वडिलांचं नाव मला माहीत नव्हतं, क्षमा कर."

तू लिहितेस की तू वसंताच्या आधी आली असतीस तर. हे वाक्य पुढच्या पत्रात मला दिसता कामा नये. पुष्कळ झालं.

ते वाचलं त्या दिवशी मी सिटी स्टेशनात जाऊन बसलो. मैसूरची गाडी लागली होती. तिच्यातून मडकं घेऊन उतरलो असतो, पश्चिमवाहिनीला पाण्यात उभा राहिलो असतो, हे मी किती वेळा मनात केलं होतं! गाडी गेली. माझा मुलगा परत येणार नाही हे मला त्या बाकावर कळलं, संयोगिता. भूकंपाच्या दिवशी कळलं नव्हतं, वर्षश्राद्धाला कळलं नव्हतं. मी तिथे रडलो. हमाल ओळखीचे आहेत, त्यातल्या नरसिंहाने चहा आणून दिला आणि शेजारी बसला.

मग परवा सर्वपित्री अमावास्या आली. कृष्णाजीभटजी सांगत होते, मी पिंड ठेवत होतो. वडील, आजोबा, पणजोबा. यशूचा ठेवला. सगळे झाले की शेवटी एक धर्मपिंड असतो, तू पाहिला असशील. ज्यांचं कोणी नाही, ज्यांचं नाव कोणाला माहीत नाही, जे कुठे तरी वाटेत गेले, त्यांचा. दर वर्षी मी तो ठेवत आलो आहे. खरं सांगायचं तर घाईत ठेवायचो, कारण तोपर्यंत भूक लागलेली असायची. कोणासाठी ठेवतो असा विचार कधी केला नाही. परवा तो पिंड हातात घेतला आणि हात पुढे जाईना. भटजी म्हणाले, "अप्पासाहेब, ठेवा." मी तसाच बसलो.

तुझ्या पत्रात आहे, तिकडे तळ्याकाठच्या गावात एक परका म्हातारा भटजी, ज्याने माझं तोंड पाहिलेलं नाही, तो रोज सकाळी भात आणि पाणी ठेवतो आणि ज्यांची नावं माहीत नाहीत त्यांच्यासाठी मंत्र म्हणतो. माझा मुलगा इतके दिवस त्याच्या हातचं जेवला. मी इथे दर वर्षी कोणाच्या तरी मुलाला वाढत होतो, आणि तिथे कोणी तरी माझ्या मुलाला वाढत होतं. मला वाटत होतं तो फळीवर पडला आहे. तो एक दिवसही उपाशी राहिला नाही, संयोगिता.

मग मी पिंड ठेवला. नीट ठेवला. सासूबाईंनी पाणी घातलं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. भटजींनी तुला विचारलं की त्या दगडाखालची मूठभर माती देऊ का, आणि तू मला विचारतेस की ती घेऊन येऊ का, कावेरीत सोडता येईल. मी पितृपक्ष सरेपर्यंत ह्यावर विचार केला. आणू नकोस. त्या मातीत माझा एकट्याचा मुलगा नाही. मूठ भरलीस तर कोणाकोणाला उचलशील? कोणाचा बाप असेल, कोणाची आई. त्यांना घेऊन यायचा आपल्याला काय हक्क? आणि त्यांच्यातून ह्याला एकट्याला काढायचं म्हटलं तर ते त्याला आवडणार नाही. तो शाळेतसुद्धा एकट्याने डबा खात नसे. राहू दे त्याला तिथेच. गाव चांगलं आहे, पाणी आहे, जंक्शन आहे, दिवसभर गाड्या येतात-जातात. त्याला करमेल.

आणि तुझ्याबद्दल. मी तुला 'ये, ये' म्हणत होतो ते त्याला आणशील म्हणून. आता आणायचं काही राहिलं नाही, तरी म्हणतो, ये. सुट्टीत ये, कायमची ये, किंवा तिथेच राहा आणि सौम्याला वाढव. जे करशील त्यात आम्ही तुझ्या मागे उभे आहोत. तू आमची मुलगी आहेस. हे लिहायला मला इतका उशीर लागला, कारण मी हट्टी आहे, हे सासूबाईंनी आत्ताच दुजोरा देऊन कळवायला सांगितलं आहे.

एक काम मात्र कर. पुन्हा त्या देवळात जा आणि भटजींना नाव सांग. यशोवर्धन. बापाचं नाव अप्पासाहेब, आईचं जमनाबाई, आडनाव घाडगे, गाव बेंगळूर. त्यांना म्हणता येईल असं सावकाश सांग, दोन-तीनदा म्हणवून घे. त्यांना माझा नमस्कार सांग. त्या टोपी काढणाऱ्या कारकुनालाही सांग की बेंगळूरच्या एका जुन्या रेल्वेवाल्याने त्याला सलाम पाठवला आहे.

इथपर्यंत मी वाचून दाखवलं.  मी सासूबाईंना म्हटलं, काही राहिलं का? मग म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"तिला म्हणावं, नाव सांग, पण भटजीच्या कानाशी जाऊन स्वल्प हळू सांग. तिथं बाकीची पण लेकरं निजलीत. त्यांची नावं सांगायला कोणी आलेलं नाही. त्यांना वाईट वाटेल."

तुझे
मामंजी आणि सासूबाई